‘पुट अप विथ’ : वाक्यात उपयोग करा

फळ्यावर तीन शब्द होते. पुट अप विथ.

सरांनी खडू ठेवला, हात झटकले आणि अर्थ तोंडी सांगितला. "सहन करणे. चालवून घेणे. पण नाइलाजाने. नाइलाज विसरू नका. आवडीच्या गोष्टीला हा शब्द लागत नाही. चला, वाक्यात उपयोग करा."

पहिल्या बाकावरची कुमुद उठली. तिने नगरच्या उन्हाळ्याचं वाक्य केलं. एका मुलाने ढेकणांचं केलं. एकाने सासूचं केलं, तेव्हा वर्ग हसला आणि सरही हसले. मग म्हणाले, "मी देतो एक. जिवंत उदाहरण."

त्यांनी टेबलावरची फूटपट्टी उचलली आणि हात लांब केला. पट्टीचं टोक दाराकडे आलं. दाराशी माझं स्टूल होतं.

"वुई हॅव टु पुट अप विथ हर."

वर्ग एकदम हसला नाही. आधी सगळ्यांना ते इंग्रजी समजावं लागलं. मग हसला.

"उठा, राणीसरकार. भाषांतर करा."

मी उठले. म्हणाले, "आम्हाला हिला सहन करावं लागतं."

"हिला म्हणजे कुणाला?"

"मला."

"मग नीट सांग. पुन्हा."

"तुम्हाला मला सहन करावं लागतं."

"करेक्ट," सर म्हणाले. "बैस."

मी बसले. आणि पोरांनो, पुढचं लिहायला हात धजत नाही, पण ते गाळलं तर बाकीचं सगळं खोटं होईल. मला बरं वाटलं. सरांच्या हाताखाली मला दोन वर्षं झाली होती आणि सरांनी मला उद्देशून ‘करेक्ट’ हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला होता. माझे कान तापले होते आणि तरी आत कुठेतरी एक वेडी पोरगी खूश झाली होती की तिचं भाषांतर बरोबर आलं. सरांना मी कधी माफ केलं नाही. त्या पोरीला माफ करायलाही मला बरीच वर्षं लागली.

हे आज लिहायला बसले, त्याला कारण सईचा फोन. सई, तुझ्या ऑफिसातला तो माणूस तुला नावाने हाक मारत नाही, स्वतः ठेवलेल्या भलत्याच नावाने मारतो, सगळ्यांसमोर तुझ्या डब्याच्या वासावर बोलतो, हे तू मला हसत हसत सांगितलंस. आणि शेवटी म्हणालीस, "जाऊ दे आजी, पुट अप विथ इट करायचं, दुसरं काय." मी फोन ठेवला आणि कागद पुढे ओढला. तो शब्द तुला मी शिकवलेला नाही. तुझ्या आईलाही नाही. तो मला कुणी शिकवला आणि मी त्याचं काय केलं, ते तुम्हा सगळ्यांना क्रमाने सांगते. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मला मागचं पुढे केलेलं आवडत नाही.

लढाईची, दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. नगरच्या कॅम्पात गोरे सोल्जर भरलेले होते. माझे वडील, त्यांना आम्ही बा म्हणायचो, अफसरांच्या मेसमध्ये कामाला होते. काटे-चमचे घासायचे, टेबल मांडायचे. मूळ गाव पारनेरकडचं. तिथे महारकीची कामं करत आयुष्य घालवायचं नाही म्हणून ते मला आणि माझ्या आईला घेऊन नगरला आले होते. मेसच्या मागे चाकरांच्या खोल्या होत्या, त्यांतली एक आमची. मेसमध्ये राहून बा इंग्रजी बोलायला शिकले होते. त्यांना एक अक्षर लिहिता यायचं नाही. पण कुठला साहेब कशाने चिडतो आणि चिडल्यावर काय बोलतो, हे सगळं त्यांना पाठ.

मी इंग्रजी सहावीत होते. तेव्हा इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिकचा वर्ग. सहावीतून सातवीत कुणाला चढवायचं, ते हेडमास्तर ठरवत आणि ते इंग्रजीच्या सरांना विचारून ठरवत. माझं सगळं त्या एका पायरीवर अडलेलं होतं. आमच्या चाकरांच्या ओळीत मॅट्रिक झालेलं कुणी नव्हतं. बा रोज सकाळी मला शाळेच्या कोपऱ्यापर्यंत सोडायला यायचे आणि रोज एकच विचारायचे, "अजून किती म्हैनं ऱ्हायलं?"

शाळेला सरकारी ग्रँट होती. ग्रँट घ्यायची तर आम्हाला घेणं भाग होतं. घेतलं. पण बाकावर नाही. दाराच्या आत एक स्टूल ठेवलं होतं. त्याचा एक पाय आखूड होता, त्याखाली मी खापराचा तुकडा सारत असे. वर्गातली मुलं मला ‘दारवाली’ म्हणत. त्यांत नगरच्या वकील-कारकुनांची मुलं होती, तशी पारनेर-राहुरीकडून शिकायला आलेली जमीनवाल्या घरांतली मुलंही होती. हसताना त्यांच्यात भेद नसे.

सरांचं नाव मी लिहीत नाही. त्यांचीही नातवंडं कुठेतरी असतील. सर चांगले शिकवायचे. हेही लिहिते, कारण ते खरं आहे. स्वच्छ धोतर, स्वच्छ उच्चार. त्यांचा एक नियम होता. शनिवारी निबंधाच्या वह्या टेबलावर जमा व्हायच्या, सोमवारी लाल शाईने तपासून परत यायच्या. प्रत्येक निबंधाखाली सरांची सही, म्हणजे दोन इंग्रजी अक्षरं, त्याखाली एक रेघ, रेघेच्या टोकाला ठिपका.

माझी वही टेबलावर जायची नाही. ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची. सर दुरून पट्टीच्या टोकाने पान उलटायचे, चार ओळींवर नजर टाकायचे आणि म्हणायचे, "हं. हिला कोण हात लावणार? तुझी वही तूच तपास."

"कशी तपासू, सर?"

"कुमुदची बघ. तिच्या चुका बघ, तुझ्या कळतील."

मी लाल शाईची पुडी आणली, दौतीत भिजवली. सोमवारी कुमुद तिची तपासलेली वही कट्ट्यावर ठेवायची. आमच्या हातांचा स्पर्श होऊ नये म्हणून ती आधी मागे सरकायची, मग मी पुढे व्हायचे. वही परत मिळाली की ती मधल्या सुट्टीत अंगणात उन्हात उघडून ठेवायची. ऊन लागलं की चालतं, असं तिच्या आईने ठरवलं होतं. पावसाळ्यात ऊन नसायचं, तेव्हा कुमुद मला वही द्यायची नाही.

मी तिच्या चुका पाहिल्या. मग इतरांच्याही पाहायला लागले. वह्या कोपऱ्यात उघड्या पसरलेल्या असत, मला हात लावायचा नव्हता, पण उघड्या पानांवरून नजर फिरवायला कुणी अडवलं नव्हतं. चौतीस मुलांच्या चुका मी वाचल्या. सर कुठे काय खोडतात, कुठे काय वर लिहितात, सगळं डोक्यात बसलं. मग घरी येऊन स्वतःचा निबंध सरांच्या डोळ्यांनी वाचायचा आणि लाल शाईने स्वतःला खोडायचं. इंग्रजी मला असं आलं.

तर त्या ‘पुट अप विथ’च्या दिवशी घरी आले. दुपारचं जेवण आटोपून बा खोलीबाहेर राखेने काटे घासत बसले होते. मी वर्गातलं काही सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "बा, पुट अप विथ म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"आता गं! आमच्या मेजर सायबाच्या तोंडात उठता बसता त्येच. च्या गार झाला की म्हनतो, पंखेवाला पेंगला की म्हनतो."

"काय म्हणतो?"

बांनी काटा खाली ठेवला. मान ताठ केली, हनुवटी वर घेतली आणि अगदी साहेबाच्या सुरात म्हणाले, "आय वोन्ट पुट अप विथ इट!" मग स्वतःच हसले.

"म्हणजे चालवून घेणार नाही."

"व्हय. न्हाई चालवून घ्यायचा. मंग पळापळ हुती समद्यांची."

मी विचार केला. "आणि नुसतं म्हणतो का कधी? की आय पुट अप विथ इट? चालवून घेतो, असं?"

बा खरंच आठवायला लागले. राखेचा हात तसाच गुडघ्यावर. आत टोपलीत चमचे पडलेले. "न्हाई बा," ते म्हणाले. "म्या तर कदी आयकलं न्हाई. चालवून घेतो म्हननारा सायेब कुठं आसतो? चालवून आपुन घ्यायचं. त्यांनी वोन्ट म्हनायचं." आणि पुन्हा काटा उचलून घासायला लागले. काही विशेष बोललो असं त्यांना वाटलं नव्हतं.

सरांनी अर्थ बरोबर सांगितला होता. पण ज्यांची ती भाषा, त्यांच्या घरात तो शब्द कसा वापरतात ते मेसमधल्या माणसाने सांगितलं. आम्हाला शाळेत सहन करण्याची बाजू शिकवत होते. दुसरी बाजू शिकवायची पद्धतच नव्हती.

शनिवारसाठी गृहपाठ होता. या शब्दाची पाच वाक्यं. मी चटईवर बसले, वहीला समास आखला आणि लिहिलं.

एक. आय विल नॉट पुट अप विथ द स्टूल.

दोन. आय विल नॉट पुट अप विथ द रूलर.

तीन. आय विल नॉट पुट अप विथ द सन ऑन कुमुद्ज नोटबुक.

चार. आय विल नॉट पुट अप विथ देअर लाफ्टर.

पाच लिहिलं, पुढे टिंब दिलं आणि थांबले. पाचवं सुचेना. खरं तर सुचत होतं, पण ते लिहायचं धाडस होईना. जागा मोकळी सोडली.

मला भीती वाटली का? नाही. कारण माझी वही कुणी वाचणार नव्हतं. कट्ट्यावर ठेवली. सरांनी त्या शनिवारी पट्टीसुद्धा लावली नाही.

पुढच्या आठवड्यात बातमी आली की इन्स्पेक्टर साहेब शाळा तपासायला येणार. वर्ग झाडले, नकाशे लावले. ग्रँट त्या भेटीवर होती. सर वर्गात आले आणि म्हणाले, "सगळ्यांच्या निबंधाच्या वह्या टेबलावर लागतील. पटावर पस्तीस, तर वह्या पस्तीस." मग दाराकडे वळले. "तुझीही. पण त्यांत माझी सही नाही."

मी म्हणाले, "देऊ का, सर, सहीला?" आणि वही पुढे केली.

सर एक पाऊल मागे सरले. "कट्ट्यावर ठेव! ...नाही, राहू दे. तूच कर. कुमुदच्या वहीत बघ आणि तशी करून टाक. प्रत्येक निबंधाखाली."

"तुमची सही मी करू?"

"अक्षर बरं आहे ना तुझं? मग कर. आणि टेबलावर ठेवताना सगळ्यांत खाली ठेव."

चौतीस मुलांनी हे ऐकलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही त्या क्षणी नाही. घरी येऊन रद्दी कागदावर सराव केला. दोन अक्षरं, रेघ, ठिपका. मग वर्षभराच्या निबंधांखाली एकामागून एक सह्या केल्या. दहा-बारा सह्या झाल्यावर माझा हात थांबला. माझ्या वहीला हात लागला तर हा माणूस घरी जाऊन आंघोळ करेल. आणि त्याचं नाव माझ्या हाताने लिहिलेलं त्याला चालतं. वही बाटवते, सही बाटवत नाही. कारण वहीला हात लावताना लोक बघतात, आणि सही कुणी केली ते कुणाला दिसत नाही. मला त्या दिवशी विटाळ म्हणजे काय ते समजलं. तो शरीरात नसतो. तो बघणाऱ्यांसाठी असतो.

पाच वाक्यांच्या पानाशी आले. खाली सही करायची की नाही? कुमुदच्या वहीत या वाक्यांखालीही सही होती. केली.

इन्स्पेक्टर साहेब आले. गोरे नव्हते. नगरकडचेही नव्हेत, पण मराठी. कोट, डोक्यावर पगडी. हेडमास्तर त्यांच्या मागे मागे. वर्ग उभा राहिला, बसला. साहेब टेबलाशी आले. मुरलेला माणूस. ढिगातल्या वरच्या वह्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. हात खाली घातला आणि सगळ्यांत तळची वही ओढून काढली.

माझी.

उघडली. पानं उलटत गेले. भुवया वर गेल्या. इंग्रजीत सरांना म्हणाले, की इतकी बारकाईने तपासलेली वही मी या जिल्ह्यात पाहिली नाही. एकही चूक सुटलेली नाही. सरांनी मान झुकवली. हेडमास्तर हसले. मी स्टुलावर ताठ बसले होते. पुन्हा तेच झालं बघा. मला बरं वाटलं. दुसऱ्याच्या नावाने का होईना.

मग साहेब एका पानाशी थांबले. मोठ्याने वाचलं. "आय विल नॉट पुट अप विथ द स्टूल." हसले. पुढचं वाचलं. "...द रूलर." तिसरं वाचलं आणि हसू ओसरलं. "कुमुदच्या वहीवरचं ऊन? हे काय आहे?" सरांकडे पाहिलं. "खाली सही आहे तुमची. तुम्ही वाचलंय ना हे?"

सरांच्या हातातली पट्टी हलली. वाचलंय म्हणावं, तर मग अर्थ सांगावा लागेल. नाही म्हणावं, तर सही. ते म्हणाले, "मुली काहीबाही लिहितात, साहेब."

"ही मुलगी कोण?"

मी उठले.

"कसलं स्टूल?" साहेबांनी मला विचारलं. आवाज वाईट नव्हता.

सर माझ्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा सरळ, डोळ्यांत. त्यांना काय हवं होतं ते मला स्वच्छ कळत होतं. घरी एक मोडकं स्टूल आहे, असं म्हणायचं. एवढंच. मग मी सातवीत. मग मॅट्रिक. बा मेसभर सांगत फिरले असते. एक खोटं वाक्य, तेही इंग्रजीतलं.

मी बाजूला सरले आणि बोट दाखवलं. "हे."

मग साहेबांकडे वळले.

"मी महार आहे, साहेब. म्हणून मी इथे बसते. सर माझ्या वहीला हात लावत नाहीत. तपासलं मी. सह्या मी केल्या. सरांनी करायला सांगितल्या."

साहेबांच्या हातात माझी वही होती. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे. आणि ती टेबलाच्या कडेला ठेवली. टाकली नाही, ठेवली, अगदी हळू. मग कोटाच्या खिशातून रुमाल काढला आणि बोटं पुसली. एकेक बोट. इतका वेळ इंग्रजीत बोलणारा माणूस हेडमास्तरांना मराठीत म्हणाला, "अहो, मग हिची वही यांत मिसळली कशी?"

त्याच्या बोटांना माझ्या वहीतली लाल शाई लागली होती म्हणून त्याने ती पुसली, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. शाई केव्हाच वाळलेली होती.

दुसऱ्या दिवशी बांना शाळेत बोलावणं आलं. बा मेसच्या पांढऱ्या कोटातच आले, टोपी हातात घेऊन. हेडमास्तरांच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मी त्यांच्या पुढे, उंबऱ्यावर. आत टेबलामागे हेडमास्तर, बाजूला सर, टेबलाच्या कडेला माझी वही.

हेडमास्तर म्हणाले, "साहेबांनी शेरापुस्तकात इंग्रजीच्या तपासणीचं काम समाधानकारक असं लिहिलंय. बाकी काही लिहिलं नाही, हे तुझं नशीब." मग बांकडे न बघता बांना म्हणाले, "तुझ्या मुलीने सरांची खोटी सही केली आहे. याला काय म्हणतात माहीत आहे? फोर्जरी. पोलिसांत जाता येतं."

"सरांनी सांगितली म्हणून केली," मी म्हणाले. "अख्खा वर्ग होता."

"वर्गाला विचारलं आम्ही. कुणी काही ऐकलेलं नाही. कुमुदनेही नाही."

मला आश्चर्य वाटलं नाही. कुमुदची वही उन्हात ठेवल्यावर शुद्ध व्हायची. जिभेलाही तसलाच काहीतरी उपाय असेल.

सर म्हणाले, "मुलगी हुशार आहे, मी नाही म्हणत नाही. पण शिकवलं की डोक्यावर बसतात ती ही अशी."

हेडमास्तरांनी एक कोरा कागद टेबलाच्या काठावरून ढकलला. तो जमिनीवर पडला. "उचल. इंग्रजीत माफी लिही. की सह्या मी आपण होऊन केल्या, वहीत लिहिलेलं खोटं आहे, पुन्हा असं होणार नाही. लिहिलंस तर सातवीत बसशील. स्टुलावर. नाही लिहिलंस तर आजच नाव काढतो."

बा मागून हळूच म्हणाले, "पोरगी चुकली, सायेब. लान हाय." मग मला, "लिव्ह बाय. दोन वळी लिव्ह आन चल. वरीस बुडालं तर मला लई लागंल गं."

त्या आवाजावर रागवता येत नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी गाव सोडलं होतं. मी कागद उचलला. दारात बसून, पाटीवर कागद धरून लिहिलं. एकच ओळ. पाचवी. जी त्या दिवशी सुचली होती आणि लिहिली नव्हती. खाली सही केली. दोन अक्षरं नाहीत, रेघ नाही, ठिपका नाही. माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट. वर्षभराच्या निबंधांखाली दुसऱ्याची सही गिरवणाऱ्या माझ्या हाताला स्वतःची सही माहीत नव्हती. ती तिथे पहिल्यांदा केली.

उठले. कागद हेडमास्तरांपुढे धरला.

"खाली ठेव," ते म्हणाले.

मी ठेवला नाही.

"ऐकू येत नाही? उंबऱ्यावर ठेव, मग शिपाई घेईल."

"हातात घ्या, सर."

"काय?"

"तुम्ही मागितलाय. माझ्या हातातून घ्या."

बा कळवळून म्हणाले, "ठिव गं खाली! माझी बाय, ठिव!"

हेडमास्तर उठून उभे राहिले. सरांनी पट्टी टेबलावर आपटली. कागद माझ्या हातात, हात लांब केलेला. कुणी घेत नाही म्हटल्यावर मीच वाचून दाखवलं.

"आय विल नॉट पुट अप विथ यू."

आणि सवयीने भाषांतरही केलं. "मी तुम्हाला सहन करणार नाही."

कुणी ‘करेक्ट’ म्हणालं नाही.

मागे बांचा श्वास मला ऐकू आला. त्यांना त्या ओळीतले सगळे शब्द कळले होते. मेसमध्ये रोज ऐकलेले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली. साहेबांपुढे ते कधी टोपी घालत नसत.

मी कागदाची घडी केली, पोलक्यात ठेवली आणि निघाले. निघताना आत पाऊल टाकून टेबलाच्या कडेवरची माझी वहीही उचलली. शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर बा थांबले. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील. नाही ठेवला. म्हणाले, "आता कुठं जायाचं?" ते तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. माझं वर्ष गेलं. एक नाही, तीन गेली. मॅट्रिक कुठून आणि कशी झाले, किती दारं ठोठावली, ती यादी मोठी आहे आणि गोड नाही. माझी सरशी झाली असं समजू नका. ते सर पेन्शनीत निघाले तेव्हा शाळेने त्यांना शाल दिली. स्टूल दाराशीच राहिलं, त्यावर पुढे दुसरं कुणी बसलं.

तो कागद माझ्याकडे आहे. घडीवर फाटलाय. वहीही आहे. पाचव्या क्रमांकापुढची जागा अजून मोकळी आहे, कारण ती ओळ वहीत नाही, कागदावर आहे. मी पुढे चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं. एकाही मुलाची वही मी खाली ठेवायला लावली नाही आणि माझा एकही कागद कुणाच्या पायाशी ठेवला नाही. कलेक्टर कचेरीत नाही, बँकेत नाही, तुमच्या आजोबांच्या घरच्या माणसांपुढे नाही. हातात घ्या, नाही तर मिळणार नाही.

सई, तू म्हणालीस, दुसरं काय. दुसरं हे. त्या माणसाने तुला भलत्या नावाने हाक मारली तर वळू नकोस. पुन्हा मारली तरी वळू नकोस. तुझं नाव त्याने पूर्ण घेतलं की मग वळ. नोकरी जाईल म्हणशील. जाईल कदाचित. माझी तीन वर्षं गेली, माझा बाप तीन आठवडे मुका राहिला, आणि मी ते सगळं पुन्हा देईन.

मी चालवून घेतलं नाही. तू चालवून घेतलंस, तर तेही मी चालवून घेणार नाही.